हा ‘ई’ कुठल्या तारेवरचा?

पियानोवर मधल्या सप्तकातला ‘ई’ वाजवायचा तर पट्टी एकच. गिटारवर तसं नाही. पहिली तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ३३० कंपनांचा हा सूर निघतो. तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या आणि पाचवीच्या एकोणिसाव्या फ्रेटवरही सापडतो. एकोणीस फ्रेटच्या क्लासिकल गिटारवर एका सुराच्या पाच जागा!

सूर तोच असला तरी आवाज तोच नसतो. तारेची मोकळी लांबी साधारण ६५० मिलिमीटर. तिसऱ्या तारेवर नववा फ्रेट दाबला की कंप पावायला ३८६ मिलिमीटरच उरतात. छेडणारा उजवा हात मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे उरलेल्या तारेच्या हिशेबात तो मध्याच्या जवळ येतो आणि वरचे उपस्वर क्षीण होतात. जाड तारेचा ताठरपणाही भर घालतो. मोकळ्या तारेचा लख्ख सूर इथे गोल आणि दाट होतो.

पाच रेघांच्या नोटेशनमध्ये यातलं काहीच उमटत नाही. म्हणून सुराभोवती खुणा येतात. वर्तुळातला आकडा तारेचा, साधे १ ते ४ डाव्या हाताच्या बोटांचे, शून्य मोकळ्या तारेचं. उजव्या हातासाठी पी, आय, एम, ए ही अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांच्या स्पॅनिश नावांची आद्याक्षरं. चार सुरांच्या कॉर्डला हे सगळं लावलं की पान वाचेनासं होतं. जाणता संपादक तार बदलते तिथेच वर्तुळ घालतो.

संगणकावर खरा प्रश्न असा, की तारेचा हा आकडा नुसतं चित्र आहे की माहिती? काही सॉफ्टवेअरमध्ये तो सुरावर चिकटवलेलं अक्षर असतो, त्यांच्या बाकीच्या भागांना त्याचा पत्ता नसतो. हान-वेन निनहॉइस आणि यान न्यूवेनहाउझेन या डच संगीतकारांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं मोफत ‘लिलीपाँड’ वेगळ्या वाटेनं जातं, आणि मला तीच वाट योग्य वाटते. त्यात संगीत टंकलिखित करायचं असतं. आपल्या ‘ई’पुढे उलटी तिरकी रेघ आणि २ लिहिलं की वर वर्तुळात २ छापला जातो आणि खालच्या टॅबमध्ये, म्हणजे तारांच्या रेघांवर फ्रेटचे आकडे दाखवणाऱ्या लेखनात, दुसऱ्या तारेवर आपोआप ५ उमटतो. आकडा दिलाच नाही, तर टॅबमध्ये मोकळी पहिली तार येते. नियमानं ते चूक नाही. पण वादकाला हवा होता तो दाट सूर तिथे हरवतो.

सहावी तार ‘ई’वरून ‘डी’वर उतरवली, तर लिलीपाँडमध्ये ट्यूनिंगची एक ओळ बदलावी लागते. सहाव्या तारेवर नेमून दिलेला ‘जी’ मग तिसऱ्या फ्रेटवरून पाचव्यावर जातो. हातानं चिकटवलेल्या आकड्यांच्या टॅबमध्ये तो प्रत्येक ‘जी’ शोधून बदलावा लागतो.