शिक्षकाची भाषाचिंता

सेमी-इंग्रजी वर्गात विज्ञान शिकविताना शिक्षक अडखळला, की त्याचा विषयच कच्चा आहे, असा शेरा पालक नाहक मारून मोकळे होतात. वस्तुतः ती बहुधा भाषाचिंता (परभाषेत बोलताना हसे होईल या धास्तीने मन आखडणे) असते. हॉर्विट्झ प्रभृती संशोधकांनी 1986 साली ती विद्यार्थ्यांच्या संदर्भात मांडली, परंतु शिक्षकही तिच्यातून सुटत नाहीत. परक्या स्वयंपाकघरात सुगरणीचा हात मिठाचा डबा शोधत घुटमळला, म्हणून तिला स्वयंपाक येत नाही असे कोणी म्हणत नाही.

नुकसान होते ते अडखळणे टाळण्याच्या खटाटोपात. पाण्याच्या पेल्यातील पेन्सिल वाकडी दिसते हे पाहून एखाद्या मुलाने, "सर, मग मासा दिसतो तिथे नसतोच का?" असे विचारले, की अपवर्तन (माध्यम बदलताना प्रकाशाने दिशा बदलणे) उत्तम जाणणारा शिक्षकही, इंग्रजी वाक्य जुळेना म्हणून, फळ्यावरील व्याख्या उतरवून घेण्याचे फर्मान सोडतो, आणि विचारण्यापेक्षा उतरविणे बरे, असा बोध मुले घेतात. त्या अनास्थेला आपण पुढे आळस म्हणतो, हा भाग निराळा. मासा दिसतो त्याहून खोल असतो, हे आधी मराठीत सांगून मग इंग्रजी संज्ञेकडे वळणे हा कर्तव्यातील कसूर नव्हे, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.