तीन स्क्रू की दोन पिना? रुगर रिव्हॉल्व्हरचं ‘व्हर्जन’ असं ओळखा

फोनचं व्हर्जन बघायला आपण सेटिंग्जमध्ये जातो. जुन्या रिव्हॉल्व्हरला सेटिंग्ज नसतात, तिथे फ्रेमवरचे स्क्रू मोजतात! अमेरिकेतल्या जुन्या बंदुकांचे व्हिडिओ बघत असाल, तर ‘थ्री स्क्रू’ हा शब्द कानावरून गेला असेलच.

स्मिथ अँड वेसनमध्ये पाच स्क्रू होते. १९५५ च्या सुमारास चार झाले, १९६१ च्या सुमारास तीन. तिथे यावरून साधारण काळ कळतो, बस्स. रुगरच्या ब्लॅकहॉकमध्ये मात्र प्रश्न जिवाचा आहे, म्हणून मला तीच जास्त इंटरेस्टिंग वाटते.

१९५५ ला आलेल्या ब्लॅकहॉकच्या फ्रेमवर बाजूला तीन स्क्रू दिसतात. जुन्या काउबॉय पिस्तुलांसारखीच ही रचना. यात हॅमर, म्हणजे मागचा घोडा, पूर्ण खाली असला की थेट फायरिंग पिनवर टेकतो. समोर भरलेलं काडतूस असेल आणि रिव्हॉल्व्हर हॅमरवर आपटलं, तर ट्रिगरला हात न लावताही गोळी सुटू शकते. म्हणून सहा घरांच्या सिलिंडरमध्ये पाचच काडतुसं भरायची आणि हॅमरखालचं घर रिकामं ठेवायचं, हा जुना नियम.

१९७३ मध्ये ‘न्यू मॉडेल’ आलं. तीन स्क्रू गेले, दोन पिना आल्या. खरा बदल आतला: ट्रान्सफर बार नावाची एक पट्टी. आता हॅमर पिनपर्यंत पोचतच नाही. ट्रिगर ओढला तरच ही पट्टी वर येऊन मध्ये उभी राहते आणि हॅमरचा ठोका पिनपर्यंत नेते. साधी पट्टी, पण काय डोकं लावलंय!

मग तीन स्क्रू दिसले की रिव्हॉल्व्हर धोक्याचं, असं समजायचं का? थांबा. जुन्या मॉडेलमध्ये ट्रान्सफर बार बसवून द्यायची सोय रुगरने फुकट ठेवली आहे. असं अपग्रेड झालेल्या रिव्हॉल्व्हरवर स्क्रू तीनच राहतात. म्हणजे बाहेरून जुनं, आतून सुरक्षित. खात्री करायची तर जाणकार माणूस आधी सिलिंडर पूर्ण रिकामं करतो, हॅमर मागे ओढतो, आणि ट्रिगर दाबून धरत हॅमर सावकाश खाली आणताना पट्टी वर येते का ते बघतो.

काढलेले मूळ भाग कंपनी मालकाला परत पाठवते. ते जपून ठेवतात, कारण संग्राहक विकत घेताना आधी तेच मागतात.