रजिस्ट्रीवर झाडू कशाला?

घरचा कंप्युटर : भाग 6

"क्लीनर मारून टाकलो की मामा, तरी स्लोच आहे बघा." बेळगावच्या डीटीपीच्या दुकानांत, निपाणीच्या पतसंस्थांत, कंप्युटर दुरुस्तीला गेलेल्या माणसाच्या कानावर हे वाक्य हमखास पडतं. क्लीनर म्हणजे रजिस्ट्री क्लीनर. फुकटात उतरवलेला, नाहीतर कुणीतरी पेन ड्राइव्हवरून दिलेला. स्कॅन चालवला की लाल अक्षरांत शेकडो चुका येतात आणि खाली एक मोठं बटण. गेल्या आठवड्यात आपण स्टार्टअपमधली गर्दी कमी केली. आज हे बटण दाबायचं की नाही ते बघू. माझं उत्तर आधीच सांगतो : दाबू नका. कारणं मात्र समजून घ्या, नाहीतर उद्या दुसऱ्या नावाचा क्लीनर पुन्हा तुमच्या मशीनमध्ये शिरेल.

विंडोज 3.1 च्या काळात बहुतेक प्रोग्रॅम आपली सेटिंग ‘आयएनआय’ नावाच्या छोट्या फायलींत ठेवायचे. विंडोज 95 पासून हा पसारा एका जागी आणला गेला, ती रजिस्ट्री. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टम32, त्यात कॉन्फिग या फोल्डरात तिच्या मुख्य फायली असतात : सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी. तुमच्या लॉगिनची ‘एनटीयूजर.डॅट’ वेगळी.

आपल्या भागातल्या मशीनची रजिस्ट्री जरा जास्तच बोलकी असते. रेगएडिट उघडून नुसतं बघायला हरकत नाही, फक्त काही बदलू नका. ‘एचकी करंट युजर’मध्ये ‘कीबोर्ड लेआउट’ आणि त्याखाली ‘प्रीलोड’. तिथं 1, 2, 3 अशा ओळींसमोर आठ-आठ अक्षरी कोड दिसतील. शेवट ‘0409’ असेल तर इंग्रजी, ‘044ई’ असेल तर मराठी, ‘044बी’ असेल तर कन्नड. सकाळी कचेरीचा कन्नड अर्ज आणि दुपारी मराठी लग्नपत्रिका एकाच कीबोर्डवर निघते, ती या ओळींच्या जोरावर. त्यात कन्नडसाठी नुडी, मराठीसाठी श्रीलिपी आणि हिशेबाला टॅली. प्रत्येकाच्या नोंदी रजिस्ट्रीत.

आता क्लीनर काय करतो? तो एकेक नोंद वाचतो, तिच्यात फाइलचा पत्ता असेल तर ती फाइल त्या जागी आहे का बघतो, आणि नसली की ‘चूक’ म्हणून मोजतो. नोंद कशासाठी आहे, हे त्याला कळत नाही. बऱ्याच क्लीनरांच्या यादीत फॉन्टचाही रकाना असतो आणि आपली खरी धास्ती तिथं आहे. डीटीपीवाले जागा वाचवायला फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर ठेवतात आणि विंडोजमध्ये शॉर्टकटनं बसवतात. अशा वेळी रजिस्ट्रीत फॉन्टचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. डिस्क काढून ठेवलेली असताना क्लीनर चालवला तर त्याच्या लेखी ते सगळे फॉन्ट बेपत्ता. बटण दाबलं की नोंदी गेल्या. दुसऱ्या दिवशी डिस्क लावून जुनी पत्रिका उघडावी, तर वधूवरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरं आणि विचित्र खुणा! जुने फॉन्ट युनिकोडचे नसल्यामुळे फॉन्ट नसला की आतली खरी अक्षरं अशी उघडी पडतात. फाइल शाबूत असते, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना हे कोण समजावणार?

बरं, एवढा धोका पत्करून वेग तरी वाढतो का? जवळजवळ नाहीच. विंडोज काही सगळी रजिस्ट्री पहिल्या ओळीपासून वाचत बसत नाही. उपनोंदी क्रमानं लावलेल्या असतात आणि हवी तीच शोधली जाते. सॉफ्टवेअर ही एकच फाइल कित्येक एमबीची, त्यात काढून टाकलेल्या प्रोग्रॅमांचा उरलासुरला कचरा काही केबींचा. विंडोजच्या अंतरंगाचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी 2005 मध्येच लिहिलं होतं की असल्या शेकडो केबींच्या कचऱ्यानं वेगावर परिणाम होत नाही. रानाच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव राहिलं म्हणून ऊस कमी येत नाही. चुकीचं नाव खोडलं गेलं तर मात्र कचेरीच्या खेपा कोण घालणार?

मायक्रोसॉफ्टनं नव्वदीच्या दशकात स्वतःच ‘रेगक्लीन’ काढला होता आणि पुढं तो मागेही घेतला. आज असल्या क्लीनरांना पाठिंबा देत नाही, हे कंपनीचं जाहीर धोरण आहे. धंदा मात्र जोरात आहे. स्कॅन फुकट, दुरुस्तीला पैसे. मशीन ‘दुरुस्त’ करणाऱ्या रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी, लोकांना खोट्या इशाऱ्यांनी घाबरवल्याच्या आरोपावरून, अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी 2024 मध्ये 2.6 कोटी डॉलरची तडजोड केली. नावाजलेल्या सीक्लीनरची गोष्ट वेगळी : 2017 मध्ये त्याच्या एका अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी व्हायरस घुसवला आणि ती 22 लाखांवर मशीनवर पोचली. एवढे अधिकार असलेला प्रोग्रॅम घरात घेताना हेही ध्यानात असू द्या.

एक प्रसंग खरा अडचणीचा. प्रोग्रॅम अर्धवट निघाला आणि पुन्हा बसतच नाही. तिथंही अख्खी रजिस्ट्री झाडू नका. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर फुकट आहे आणि तो त्या एका प्रोग्रॅमपुरताच बघतो.

ज्यांनी बटण आधीच दाबलंय, त्यांनी क्लीनरनं बॅकअप घेतला होता का ते शोधा. ‘.रेग’ शेपटीची फाइल सापडली तर तिच्यावर डबल क्लिक करून नोंदी परत घालता येतात. नाही सापडली तर सिस्टम रिस्टोर. विंडोज आपोआप रजिस्ट्रीची प्रत ठेवतं, हा जुना भरवसा मात्र सोडा : विंडोज 10 च्या 1803 आवृत्तीपासून ती सवय बंद झाली आहे. ‘रेगबॅक’ फोल्डरातल्या फायली शून्य केबीच्या दिसतात, त्या यामुळंच. म्हणून सिस्टम रिस्टोर ज्याच्या जोरावर चालतं ते सिस्टम प्रोटेक्शन चालू आहे का हे आजच बघा. बऱ्याच मशीनवर ते बंद सापडतं.

मग स्लो का? कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये जा आणि डिस्कचा आकडा बघा. काहीही न करता तो सारखा शंभर टक्क्यांना चिकटलेला असेल, तर संशय जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर घ्यायचा. तिच्या जागी एसएसडी कशी बसवायची आणि डेटा कसा हलवायचा, ते पुढच्या भागात.