फ्युएल कंट्रोलर विकायचा की नाही? गॅरेज आणि ॲक्सेसरीजवाल्यांसाठी रोखठोक हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. "सर, दुकानात फ्युएल कंट्रोलर ठेवू का? पोरं मागतात." प्रश्न बरोबर आहे. पुणे-सोलापूर हायवेवर यवतपासून पाटसपर्यंत कुठल्याही गॅरेजवर तासभर उभे राहा. बुलेटवाला म्हणतो गाडी हिट होते, ड्यूकवाला म्हणतो कमी स्पीडला झटके मारते, पिकअपवाला म्हणतो लोड घेतला की दम लागतो. या तिघांनीही मोबाईलवर कुठेतरी पाहिलेलं असतं की एक छोटा डबा लावला की सगळं नीट होतं. वरवंडला माझ्या काउंटरवरही हीच विचारणा असते.

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून पूर्ण हिशोब इथे लिहितोय. आधी मशीन समजून घेऊ, मग कायदा, मग पैसा. क्रम बदलू नका. पैशापासून सुरुवात केली की उत्तर चुकतं.

हा डबा नक्की करतो काय?

इंजिनाला पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात लागते. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी १ किलोला साधारण १४.७ किलो हवा. फुल्ल ताकद पाहिजे असेल तर पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं, म्हणजे साडेबारा-तेराच्या आसपास. पेट्रोल कमी पडलं तर मिक्श्चर 'लीन' झालं म्हणतात, जास्त झालं तर 'रिच'.

जुन्या गाडीत हे काम कार्ब्युरेटर करायचा. आपला मिस्त्री स्क्रूड्रायव्हर घेऊन, आवाज ऐकून, प्लगचा रंग बघून सेटिंग करायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि स्प्लेंडरपासून बुलेटपर्यंत बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. आता इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ईसीयू ठरवतो. सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर त्याला सांगत राहतो की मिक्श्चर लीन आहे की रिच. मिस्त्रीच्या हातातला स्क्रू गेला. फ्युएल कंट्रोलरची बाजारपेठ तिथूनच वाढली.

कंट्रोलर ईसीयूच्या आतलं काही बदलत नाही. तो वायरिंगच्या मध्ये बसतो. एक प्रकार इंजेक्टरकडे जाणारा सिग्नल लांबवतो, म्हणजे पेट्रोल जास्त वेळ सुटतं. दुसरा प्रकार ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल बदलतो, म्हणजे ईसीयूला वाटतं मिक्श्चर लीन आहे आणि तो स्वतःच पेट्रोल वाढवतो. अमेरिकेतल्या डायनोजेटचा पॉवर कमांडर यातला जुना आणि नावाजलेला. आपल्याकडे बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे पॉवरट्रॉनिक आणि फ्युएलएक्स पोरांच्या तोंडी असतात. ही खरी उपकरणं आहेत, यात फसवणूक नाही.

फसवणूक वेगळी आहे. पाच-सातशे रुपयांत मिळणारा, ओबीडी सॉकेटमध्ये खोचायचा 'ॲव्हरेज वाढवणारा' डबा. यातले बरेच उघडून पाहिले तर आत दिवे लुकलुकवणारं सर्किट निघतं, बाकी काही नाही. तो दुकानात ठेवूच नका. गिऱ्हाईक एकदा फसतं, पण आपलं नाव गावात कायमचं जातं.

मग खऱ्या डब्यानं फरक पडतो का?

पडतो. धुराचे नियम पाळण्यासाठी कंपन्या बऱ्याच गाड्या कमी थ्रॉटलला लीन बाजूला ठेवतात. थोडं पेट्रोल वाढलं की झटके कमी होतात, इंजिन मऊ चालतं, हीटिंगची तक्रारही कमी होऊ शकते. गिऱ्हाईकाला हे जाणवतं.

पण ते पेट्रोल टाकीतूनच येतं. ॲव्हरेज कमी होतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं पेट्रोल वाढतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर ताण येतो. आणि मोजल्याशिवाय पेट्रोल किती वाढवलं हे कळत नाही. त्यासाठी वाइडबँड मीटर लागतो, नीट करायचं तर डायनो लागतो. "मॅप नंबर चार टाक, मस्त पळते" हे ट्यूनिंग नाही, अंदाज आहे.

आपल्या भागात एक गोष्ट आणखी लक्षात ठेवा. ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत ई-२० पेट्रोल बाजारात आलं, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉल ही रोजची गोष्ट झाली आहे. दौंड-शिरूरचा ऊस कारखान्यात जातो आणि डिस्टिलरीतून पुन्हा आपल्याच टाकीत येतो म्हणा ना! इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला १ किलोला ९ किलोच हवा लागते. ई-२० साठी आकडा १४.७ वरून साधारण साडेतेरावर येतो. म्हणजे तेवढंच इंधन सोडलं तर मिक्श्चर आपोआप लीन होतं. ऑक्सिजन सेन्सर नीट असेल तर ईसीयू हे सांभाळून घेतो. सेन्सर काळवंडलेला असेल तर गाडी झटके मारते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "कंट्रोलर लावा." त्याला गरज असते सेन्सर तपासण्याची.

डिझेलवाल्यांनी दोनदा विचार करा

पिकअप आणि एसयूव्हीला लावतात तो 'ट्यूनिंग बॉक्स' रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी करून दाखवतो. ईसीयू प्रेशर वाढवतो, डिझेल जास्त जातं, ओढ वाढते. सोबत एग्झॉस्टचं तापमान वाढतं, टर्बो आणि क्लचवर भार येतो. बीएस-६ गाडीत काळी काजळी डीपीएफमध्ये साचते. तो चोक झाला तर खर्च डब्याच्या किमतीच्या कितीतरी पट. ज्याची गाडी हप्त्यावर आहे आणि रोज मार्केट यार्डाला माल नेते, त्याची गाडी चार दिवस उभी राहिली तर घर थांबतं. डबा विकताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने ठरवलेल्या मूळ नोंदींशी जुळणार नाही असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळच्या एका प्रकरणात हे कडक शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ बदललं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रदूषणाची मर्यादा मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर कलम १९०(२), दंड १०,००० रुपयांपर्यंत. रेस ट्रॅकवर चालणारी गाडी वेगळा विषय. आपलं गिऱ्हाईक चौफुल्याला आणि दौंडला जातं, ट्रॅकवर नाही.

"साहेब, दंड मालकाला, आपल्याला काय?" असं म्हणणारे भेटतात. मग हे ऐका. हार्ले-डेव्हिडसन अमेरिकेत 'सुपर ट्यूनर' विकायची. २००८ पासून साधारण ३ लाख ४० हजार ट्यूनर विकले गेले. सरकारचा आक्षेप होता की यामुळे मोटारसायकली मंजुरीपेक्षा जास्त धूर सोडतात. ऑगस्ट २०१६ मध्ये समझोता झाला: १ कोटी २० लाख डॉलर दंड, विक्री बंद, आणि डीलरांकडचा शिल्लक माल परत घेऊन नष्ट करायचा. हार्लेचा डीलर वाचला, कारण मागे कंपनी उभी होती. तुमच्या रॅकवर पडलेला माल परत घ्यायला कोण उभं आहे?

आता पैसा

वही काढा. समजा, डबा १०,००० चा आणि मार्जिन १५ टक्के. म्हणजे १,५०० रुपये. फिटिंगचे ५०० धरा. एकूण २,०००. आता गिऱ्हाईक दोनदा परत आलं: एकदा चेक लाइट लागली म्हणून, एकदा ॲव्हरेज पडलं म्हणून. प्रत्येक वेळी मिस्त्रीचे दोन तास. तासाला २५० धरले तर १,००० गेले. सर्व्हिस सेंटरनं वॉरंटी नाकारली तर गिऱ्हाईक भांडायला तुमच्याकडेच येणार. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल आणि क्लेम अडकला, तरी बोट तुमच्याकडेच.

आता दुसरी बाजू. झटके आणि हीटिंगच्या तक्रारीसाठी 'तपासणी पॅकेज' ठेवा. स्कॅनर लावून कोड बघणं, एअर फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडी सफाई, इंजेक्टर सफाई, टॅपेट, चेनचा ताण, ऑक्सिजन सेन्सर. समजा १,२०० रुपये घेतले आणि सामान ३०० चं लागलं. ९०० रुपये हातात, कायद्याची भीती नाही, आणि गिऱ्हाईक सहा महिन्यांनी पुन्हा येतं. कंट्रोलर माणूस एकदाच घेतो, तपासणी दर सर्व्हिसला लागते. बऱ्याच वेळा तपासणीतच तक्रार मिटते, कारण झटके जितके मिक्श्चरमुळे येतात तितकेच ढिल्या चेनमुळे आणि घाण थ्रॉटल बॉडीमुळे येतात.

गिऱ्हाईकाशी बोलायचं कसं?

नाही म्हणून हाकलू नका. पोरगं दुसऱ्या दुकानात जाईल. असं बोला:

"दादा, डबा चालतो, मी नाही म्हणत नाही. पण आधी गाडी तपासू. दोष असेल तर डबा त्याला झाकेल, बरा करणार नाही. तपासून सगळं ठीक निघालं, तर वॉरंटी, पीयूसी आणि दंड काय ते मी सांगतो. मग तुम्ही घरी विचार करा."

हे बोलणारा दुकानदार लक्षात राहतो. आणि तपासणीचा निकाल जॉबकार्डवर लिहून द्या: कोणता कोड, काय साफ केलं, काय बदललं. मात्र एक भ्रम काढून टाका. "माझी जबाबदारी राहील" असं गिऱ्हाईकाकडून लिहून घेतलं म्हणजे कायदा बाजूला होत नाही.

माझं उत्तर सरळ आहे. रस्त्यावरच्या गाडीसाठी डबा विकू नका, निदान विका. जो पैसा डब्यांच्या स्टॉकमध्ये अडकवणार होता, त्यात चांगला स्कॅनर घ्या आणि मिस्त्रीला फ्युएल इंजेक्शनचं ट्रेनिंग द्या. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ज्याचा कान चांगला, त्याच्या दारात रांग असायची. आता ज्याला सेन्सर वाचता येतो, त्याच्या दारात लागेल.

या आठवड्याचा गृहपाठ: 'पिकअप नाही', 'हीटिंग', 'झटके' अशा तक्रारी घेऊन आलेल्या पहिल्या दहा गाड्या वहीत लिहा. तक्रार काय, मूळ कारण काय निघालं, बिल किती झालं. तुमचे आकडे कॉमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यावरून तपासणी पॅकेजचा रेट कसा ठरवायचा ते बघू.

भेटू पुढच्या मंगळवारी. धंदा नीट करा, हिशोब रोज लिहा.