उपमाला-स्थाननिर्धारण

उपमाला-स्थाननिर्धारण : संगणकीय परिभाषेत अक्षरे, मात्रा, अंक, विरामचिन्हे व रिकाम्या जागा यांच्या क्रमबद्ध समूहास चिन्हमाला म्हणतात. चिन्हमालेचा कोणताही सलग भाग म्हणजे तिची उपमाला होय. डेटाबेसमध्ये, म्हणजे विदासंचयात, साठविलेल्या मजकुरात दिलेली उपमाला कितव्या चिन्हापासून सुरू होते हे पृच्छेद्वारे काढण्याच्या क्रियेस उपमाला-स्थाननिर्धारण असे म्हणतात. या क्रियेचे उत्तर पूर्णांकात मिळते. मोजणी १ पासून होते. उपमाला आढळली नाही तर उत्तर ० येते. मूळ मजकूर मुळात नोंदलेलाच नसेल, तर उत्तर ० न येता ‘नल’, म्हणजे अज्ञात मूल्य, असे येते. उदा., ‘सांगलीवाडी’ या नावात ‘वाडी’ ही उपमाला सातव्या स्थानी सुरू होते. कारण स, काना, अनुस्वार, ग, ल व वेलांटी ही सहा चिन्हे तिच्यापूर्वी येतात.

इतिहास : कोष्टकांच्या परस्परसंबंधांवर आधारलेल्या विदासंचयाची संकल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. तिच्या आधारे डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ ही पृच्छाभाषा प्रसिद्ध केली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ या नावाने रूढ झाली. अमेरिकेत १९८६ मध्ये व आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८७ मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले. स्थाननिर्धारणासाठी ‘पोझिशन’ हे प्रमाणित फलन १९९२ च्या आवृत्तीत आले. निरनिराळ्या प्रणालींची स्वतःची फलनेही प्रचारात असल्याने आजही एकाच कामासाठी अनेक नावे आढळतात. ओरॅकलमध्ये ‘इन्स्ट्र’, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘चारइंडेक्स’, पोस्टग्रेसमध्ये ‘पोझिशन’ व ‘स्ट्रपॉस’, तर मायएसक्यूएलमध्ये ‘इन्स्ट्र’, ‘लोकेट’ व ‘पोझिशन’ अशी तिन्ही फलने आहेत. ‘इन्स्ट्र’ला प्रथम मजकूर व नंतर उपमाला द्यावी लागते, ‘चारइंडेक्स’ व ‘लोकेट’ यांत हा क्रम उलटा असतो. क्रम चुकला, तरी दोन्ही पदे मजकूरच असल्याने प्रणाली चूक दाखवीत नाही. ती बहुधा ० हे उत्तर देते.

उपयोग : स्थाननिर्धारण हे स्वतः साध्य नसून मजकुराचे विभाजन करण्याचे साधन आहे. उदा., ‘मु. पो. औंध, ता. खटाव, जि. सातारा’ या पत्त्यात ‘ता.’ चे स्थान १४ आहे. त्यात ‘ता.’ ची तीन चिन्हे व एक रिकामी जागा मिळविली म्हणजे तालुक्याचे नाव १८ व्या स्थानी सुरू होते, असे समजते. त्यानंतरचा पहिला स्वल्पविराम २२ व्या स्थानी आहे. म्हणून १८ पासून चार चिन्हे घेतली असता ‘खटाव’ हे नाव वेगळे होते. शोध कोणत्या स्थानापासून सुरू करावा हे बहुतेक प्रणालींत सांगता येते. ओरॅकलमध्ये कितवी आवृत्ती हवी हेही सांगता येते. उपमाला निवडताना मात्र काळजी घ्यावी लागते. ‘मु. पो. सातारारोड, ता. कोरेगाव’ या पत्त्यात टिंबाविना नुसते ‘ता’ शोधल्यास ते ‘सातारारोड’ या नावातच ११ व्या स्थानी सापडते; टिंबासह शोधल्यास २० हे योग्य स्थान मिळते.

जमिनीच्या नोंदींत गट क्रमांक व हिस्सा तिरप्या रेघेने वेगळे लिहितात. ‘१२८/३’ मध्ये रेघेचे स्थान ४ आहे. त्यातून १ वजा करून डावीकडची तीन चिन्हे घेतली की ‘१२८’ हा गट क्रमांक मिळतो. परंतु ज्या गटाचे हिस्से पडलेले नाहीत, त्याच्या नोंदीत रेघच नसते. तेथे स्थान ० येते व वजाबाकीचे उत्तर ऋण होते. अशा वेळी एसक्यूएल सर्व्हर पृच्छा थांबवितो आणि मायएसक्यूएल रिकामी माला देतो. पोस्टग्रेसमधील ‘लेफ्ट’ हे फलन मात्र ऋण संख्येचा अर्थ ‘शेवटची तेवढी चिन्हे वगळून’ असा घेते, त्यामुळे ‘१२८’ चे ‘१२’ होते. या प्रकारात कोणतीही चूक दर्शविली न जाता एका गटाची नोंद दुसऱ्या गटाच्या नावे जाऊ शकते. म्हणून उत्तर ० आहे काय, याची तपासणी विभाजनापूर्वी करणे आवश्यक असते.

देवनागरीतील मोजणी : इंग्रजी मजकुरात दिसणारे अक्षर व साठविलेले चिन्ह ही साधारणपणे एकच असतात, देवनागरीत तसे नसते. युनिकोड संकेतपद्धतीत व्यंजन, स्वरचिन्ह, अनुस्वार व हलन्त यांना स्वतंत्र संकेतांक आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीतील प्रत्येक संकेतांकास तीन बाइट लागतात. त्यामुळे एकाच उपमालेची तीन स्थाने संभवतात. पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी (स्थापना १९१०) या गावाच्या नावात वाचकाच्या दृष्टीने कि, र्लो, स्क, र, वा, डी अशी सहा अक्षरे असून ‘वाडी’ पाचव्या अक्षरापासून सुरू होते. संकेतांक मात्र चौदा असून त्यांत ‘वाडी’ चे स्थान ११ आहे. बाइटांनी मोजल्यास ते ३१ भरते. बहुतेक प्रणालींतील नेहमीची फलने संकेतांक मोजतात. ओरॅकलमधील ‘इन्स्ट्रबी’ हे फलन बाइट मोजते. एका मापाने काढलेले स्थान दुसऱ्या मापाने वापरल्यास घोटाळा होतो. ११ हे स्थान बाइटांचे मानून माला तोडली, तर चौथ्या संकेतांकाच्या, म्हणजे ‘र्लो’ मधील हलन्ताच्या, मध्येच छेद जातो व मजकूर वाचता येत नाही. संकेतांकांची मोजणी जोडाक्षरांची सीमाही पाळीत नाही. याच नावात ‘कर’ ही उपमाला ९ व्या स्थानी सापडते; तेथील ‘क’ हा ‘स्क’ या जोडाक्षराचा उत्तरार्ध आहे.

एकच दृश्य रूप निरनिराळ्या संकेतांकांनी लिहिले जाणे, ही याहून सूक्ष्म अडचण आहे. सातारा जिल्ह्यातील कराड या गावाचे नाव ‘कऱ्हाड’ असेही लिहितात. त्यातील अर्धा र, १) ऱ हा स्वतंत्र संकेतांक व हलन्त, २) र, नुक्ता व हलन्त किंवा ३) र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह, अशा तीन प्रकारांनी साठविलेला असू शकतो. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु ‘हाड’ चे स्थान पहिल्या रूपात ४, तर उरलेल्या दोहोंत ५ येते. एका रूपाने लिहिलेले संपूर्ण नाव दुसऱ्या रूपाच्या नोंदीत शोधल्यास, संकेतांकांची काटेकोर तुलना करणारी प्रणाली ० हे उत्तर देते. युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणाने पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे वेगळेच राहते व ते स्वतंत्रपणे बदलून घ्यावे लागते.

विभक्ती व सामान्यरूप : मराठीत नामाला प्रत्यय लागताना मूळ शब्द कधी तसाच राहतो, तर कधी बदलतो. ‘सांगलीत’, ‘सांगलीचा’, ‘सांगलीहून’ या सर्व रूपांत ‘सांगली’ ही उपमाला पहिल्या स्थानी आढळते. मिरजेचे सामान्यरूप झाले, तरी ‘मिरजेत’ मध्ये ‘मिरज’ आढळते. कारण मात्रेचा संकेतांक ‘ज’ नंतर येतो. याउलट ‘साताऱ्यात’ या रूपात ‘सातारा’ ही उपमाला नाही. ‘विट्यात’ मध्ये ‘विटा’, ‘शिराळ्याचा’ मध्ये ‘शिराळा’ आणि ‘वाळव्याहून’ मध्ये ‘वाळवा’ सापडत नाही. आकारान्त पुल्लिंगी ग्रामनामांत अन्त्य ‘आ’ चे ‘या’ होते, हे याचे कारण होय. परिणामी एकाच पृच्छेने दोन शहरांचे उल्लेख मोजल्यास सांगलीचे बहुतेक सर्व उल्लेख हाती येतात, साताऱ्याचे मात्र बरेच सुटतात. आणि मिळणारे आकडे वरवर निर्दोष दिसतात. उपमाला आखूड करून ‘साता’ शोधावी, तर ‘साता समुद्रापलीकडे’ यासारखे प्रयोगही गोळा होतात. म्हणून मूळ रूप व सामान्यरूप, म्हणजे ‘सातारा’ व ‘साताऱ्या’, ही दोन्ही शोधणे इष्ट ठरते. ‘सातारकर’ सारखी साधित रूपे हवी असल्यास तीही जोडावी लागतात.

याच्या उलट दोष आखूड नावांत दिसतो. ‘वाई’ ही उपमाला ‘हवाई’ व ‘सवाई’ या शब्दांत दुसऱ्या स्थानी असते. उपमालेपूर्वी रिकामी जागा असावी अशी अट घातल्यास हे शब्द वगळले जातात; परंतु ‘वाईट’ हा शब्द वगळला जात नाही. नंतरही रिकामी जागा हवी असे म्हटल्यास ‘वाईचा’, ‘वाईला’ ही योग्य रूपे गळतात. अशा नावांसाठी संभाव्य प्रत्ययांची यादी करून प्रत्येक रूप शोधावे लागते. अन्यथा गाव, तालुका व जिल्हा यांसाठी स्वतंत्र स्तंभ ठेवून त्यांत ठरावीक संकेतांक नोंदविणे हा अधिक भरवशाचा मार्ग होय.

शोधाचा वेग : उपमाला प्रत्येक स्थानी ठेवून पाहण्याची सरळ पद्धत लहान मजकुरास पुरेशी असते. डोनाल्ड कनूथ, जेम्स मॉरिस व वॉन प्रॅट यांची, तसेच रॉबर्ट बॉयर व स्ट्रॉदर मूर यांची, अशा दोन जलद पद्धती १९७७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. फसलेल्या तुलनेतून मिळालेली माहिती वापरून निरर्थक स्थाने वगळणे हे दोहोंचे समान तत्त्व आहे. विदासंचयात मात्र खरा विलंब नोंदींच्या संख्येमुळे होतो. स्तंभावरची नेहमीची अनुक्रमणी शब्दकोशाप्रमाणे आरंभीच्या चिन्हांवर रचलेली असल्याने मजकुराच्या मध्यभागी येणाऱ्या उपमालेसाठी ती उपयोगी पडत नाही व प्रत्येक नोंद वाचावी लागते. यावर उपाय म्हणून सलग तीन-तीन चिन्हांच्या गटांची किंवा पूर्ण शब्दांची वेगळी अनुक्रमणी तयार करतात.

उत्तराचा अर्थ : स्थाननिर्धारणात मिळणारे ० हे उत्तर ‘या क्रमाने हे संकेतांक येथे नाहीत’ एवढेच सांगते, ‘हे गाव येथे नाही’ असे ते सांगत नाही. कृष्णा व तिच्या उपनद्यांना ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या महापुरासारख्या आपत्तीत गावनिहाय याद्या थोड्या अवधीत कराव्या लागतात. तेव्हा हा भेद लक्षात न घेतल्यास नोंद असूनही एखादे कुटुंब यादीबाहेर राहू शकते. यासाठी मजकूर साठवितानाच त्याचे सामान्यीकरण करणे, मोजणीचे माप निश्चित करणे, शोधावयाची सर्व शब्दरूपे आधी ठरविणे आणि ० उत्तर आलेल्या नोंदींपैकी काही नोंदी प्रत्यक्ष वाचून पाहणे, या दक्षता आवश्यक ठरतात.