फाटकाशी उपोषणाला बसलेली गानतारका

जुलै १९३९. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी एक तरुणी उपोषणाला बसली. ती ना कामगार होती, ना कुठल्या पक्षाची कार्यकर्ती. ती होती ‘कुंकू’ची नायिका शांता आपटे! करार आणि पगारावरून तिचं कंपनीशी बिनसलं होतं. तारका असं काही करू शकते, यावर तेव्हा कुणाचा विश्वासच बसला नसता.

सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीची ही मुलगी. लहानपणीच तिने पंढरपूरला गाण्याचे धडे गिरवले. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये ती राधा झाली. बोलपट नुकताच आला होता. पार्श्वगायनाची सोय नव्हती. चित्रण आणि ध्वनिमुद्रण एकदमच व्हायचं. त्यामुळे नायिका व्हायचं तर गाता येणं भागच होतं.

‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’ने (१९३४) शांताबाईंचं नाव देशभर पोहोचवलं. संगीत होतं केशवराव भोळे यांचं. त्या काळचे बरेच नट गाणं आलं की मैफलीत बसल्यासारखे स्थिर होत. शांताबाई मात्र डोळे, हात, सारं अंगच गाण्यात आणत. गाणं हाही अभिनयच, हे त्यांनी दाखवून दिलं.

मग आला १९३७ चा ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला. मामाने फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. म्हातारा रंगवला केशवराव दाते यांनी. या चित्रपटात शांताबाईंनी चक्क एक इंग्रजी कविताही गायली. जरठ-कुमारी विवाहावर तावातावाने बोलणाऱ्या समाजाला नीरेने आरसाच दाखवला.

आणि दोनच वर्षांत ते उपोषण! पुढच्याच वर्षी, १९४० साली त्यांचं पुस्तक आलं, ‘जाऊ मी सिनेमांत?’ या धंद्यात शिरू पाहणाऱ्या मुलींना त्याची दुसरी बाजू सांगणारं.

‘प्रभात’ सुटली, पण काम थांबलं नाही. १९४१ साली त्या थेट तामिळ ‘सावित्री’च्या नायिका झाल्या. एका मराठी मुलीने परकी भाषा शिकून संवाद म्हणायचे, गाणीही स्वतःच गायची! आणि नारदाच्या भूमिकेत समोर कोण? साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मी! ‘कल्की’ साप्ताहिकासाठी भांडवल उभं करायचं म्हणून त्यांनी ही पुरुषभूमिका पत्करली होती. पुढे १९४२ मध्ये लाहोरच्या पंचोलींच्या ‘जमीनदार’मध्येही शांताबाई झळकल्या. पुणे, दक्षिण, पंजाब... आवाज जिथे नेईल तिथे त्या गेल्या.

तोवर काळ पालटत होता. पार्श्वगायन रुळलं आणि गाता न येणारा चेहराही पडद्यावर गाऊ लागला. मास्टर विनायक यांच्या ‘सुभद्रा’त (१९४६) शांताबाईंसोबत एक कोवळा आवाज गायला. तो होता लता मंगेशकर यांचा! पुढचं युग त्याच आवाजाचं ठरलं.

२४ फेब्रुवारी १९६४ रोजी शांताबाई गेल्या. नायिकेने स्वतः गायचे दिवस तोवर सरले होते. पण कलावंतिणीला कौतुकाइतकाच कामाचा चोख मोबदलाही हवा, हे त्यांनी १९३९ मध्येच फाटकाशी बसून सांगितलं होतं. ती मागणी कधीच जुनी होणार नाही!