कन्नमवार, मारोतराव सांबशिव

कन्नमवार, मारोतराव सांबशिव : (१० जानेवारी १९०० – २४ नोव्हेंबर १९६३). महाराष्ट्र राज्याचे दुसरे मुख्यमंत्री व विदर्भातील एक प्रमुख काँग्रेस नेते. दादासाहेब या नावाने ते परिचित होते व त्यांना ‘कर्मवीर’ असेही गौरवाने म्हणत. त्यांचा जन्म तत्कालीन मध्य प्रांताच्या चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यात एका गरीब बेलदार कुटुंबात झाला. ‘वार’ या पदाने संपणारी आडनावे या जिल्ह्यातील तेलुगू मूळ असलेल्या अनेक घराण्यांत आढळतात. मराठी, तेलुगू व गोंडी या तीन भाषांच्या सीमेवरील या प्रदेशाचे वैशिष्ट्य त्यांच्या नावातच उमटलेले आहे. त्यांचे औपचारिक शिक्षण बेताचेच झाले. जमीनजुमला, वकिली किंवा विद्यापीठाची पदवी ही त्या काळच्या राजकीय नेतृत्वाची नेहमीची साधने त्यांच्यापाशी नव्हती. काँग्रेस संघटनेतील दीर्घ व चिकाटीचे कार्य हेच त्यांच्या उत्कर्षाचे कारण होय.

त्या काळचा चांदा जिल्हा विस्ताराने फार मोठा होता. उत्तरेकडील चिमूर-वरोड्यापासून दक्षिणेस गोदावरीकाठच्या सिरोंचापर्यंत तो पसरलेला होता. वर्धा नदीकाठच्या कोळसा क्षेत्रात रेल्वे व व्यापार वाढला. परंतु वैनगंगेच्या पूर्वेचा व दक्षिणेचा प्रदेश बव्हंशी घनदाट अरण्याचा राहिला. अहेरीच्या आत्राम या गोंड घराण्याची विस्तीर्ण जमीनदारी या भागात होती. आलापल्ली हे तेथील वनखात्याचे प्रमुख केंद्र सागवानासाठी प्रसिद्ध आहे. येथील इमारती लाकूड आणि बांबू बाहेर जात असे. पण अरण्यातील माडिया व गोंड वस्त्यांपर्यंत रस्ता, शाळा व दवाखाना क्वचितच पोहोचत असे. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला, की अनेक गावांचा संपर्क तुटे. अशा जिल्ह्याचा प्रतिनिधी प्रथम नागपूरच्या व नंतर मुंबईच्या विधिमंडळात कितपत प्रभाव पाडू शकेल, हा प्रश्न कन्नमवारांच्या सबंध कारकीर्दीच्या मुळाशी होता.

असहकार आंदोलनाच्या काळात ते राष्ट्रीय चळवळीकडे ओढले गेले. पुढे जिल्ह्यात काँग्रेसची बांधणी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि स्वातंत्र्य आंदोलनात कारावासही भोगला. याच जिल्ह्यातील चिमूर येथे ऑगस्ट १९४२ मध्ये मोठा उठाव झाला होता. स्वातंत्र्यानंतर ते नागपूर प्रदेश काँग्रेस समितीच्या प्रमुख नेत्यांपैकी एक म्हणून पुढे आले.

१९५१ मध्ये जमीनदारी पद्धती संपुष्टात येऊन अहेरीची अरण्ये शासनाच्या ताब्यात आली आणि १९५२ मध्ये प्रौढ मताधिकाराची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्यानंतर कन्नमवार मध्य प्रदेशाच्या रविशंकर शुक्ल मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले. तेथून पुढे अकरा वर्षे त्यांनी तीन वेगवेगळ्या राज्यांच्या शासनांत काम केले. मतदार व प्रदेश तेच राहिले, राज्ये मात्र बदलत गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले, तेव्हा तेथेही आरोग्य खाते त्यांच्याकडे आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर ते इमारती व दळणवळण खात्याचे मंत्री झाले.

ही स्थित्यंतरे वादावाचून झाली नाहीत. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली होती आणि नागपूर भागातील अनेक काँग्रेसजनांप्रमाणे कन्नमवारही त्या मागणीचे पुरस्कर्ते होते. तथापि द्विभाषिक राज्याचा निर्णय झाल्यावर त्यांनी पक्षाची शिस्त मानून तो स्वीकारला. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा मोठा पराभव केला. यशवंतराव चव्हाण यांचे मंत्रिमंडळ टिकले, ते मुख्यतः गुजरात व विदर्भ येथील काँग्रेस आमदारांच्या बळावर. विदर्भातील आमदारांना त्यामुळे जे महत्त्व आले, त्यामुळे कन्नमवारांचे शासनातील स्थानही बळकट झाले. दुसऱ्या बाजूने, स्वतंत्र विदर्भाच्या समर्थकांनी त्यांना कायमचा दोष दिला. त्यांच्या दृष्टीने हा माघार घेण्याचा प्रकार होता, तर कन्नमवारांच्या दृष्टीने नव्या राज्यात विदर्भाचा वाटा मिळविण्याचा तोच व्यवहार्य मार्ग होता. सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासनानुसार १९६० पासून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरू लागले.

१९६२ च्या निवडणुकीत कन्नमवार सावली मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी चीनच्या आक्रमणानंतर चव्हाण यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस जावे लागले आणि २० नोव्हेंबर १९६२ रोजी कन्नमवार मुख्यमंत्री झाले. त्यांची ज्येष्ठता, संघटनेवरील पकड व विदर्भाला राज्याच्या नेतृत्वात स्थान देण्याची गरज या गोष्टी त्यांच्या निवडीस कारणीभूत झाल्या. देशात आणीबाणी जाहीर झालेली असल्याने राष्ट्रीय संरक्षण निधीचे संकलन व युद्धविषयक तयारी यांवर त्यांच्या शासनाला भर द्यावा लागला. भद्रावती (जि. चंद्रपूर) व भंडारा येथील दारूगोळा कारखाने विदर्भात आणण्याचे श्रेय त्यांच्या प्रयत्नांना दिले जाते. मुख्यमंत्रिपदाची त्यांची कारकीर्द जेमतेम एक वर्षाची ठरली. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच मुंबई येथे त्यांचे निधन झाले. पदावर असताना निधन पावलेले ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री होत. बाळासाहेब सावंत यांनी काही दिवस हंगामी कार्यभार पाहिल्यावर विदर्भातीलच वसंतराव नाईक हे मुख्यमंत्री झाले. कन्नमवारांच्या पत्नी ताई कन्नमवार १९६४ च्या पोटनिवडणुकीत चांदा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या.

साधनहीन कुटुंबातील व मोठ्या जातिसमूहाचा आधार नसलेला कार्यकर्ता केवळ संघटनेच्या बळावर राज्याच्या सर्वोच्च पदावर पोहोचू शकतो, हे कन्नमवारांच्या जीवनाने सिद्ध केले. मात्र मुख्यमंत्री जिल्ह्यातला असूनही अरण्यभागाचे दूरस्थपण त्यामुळे संपले नाही. आलापल्ली, भामरागड, सिरोंचा या भागांतील लोकांना जिल्ह्याच्या मुख्य कार्यालयासाठी पुढेही अनेक वर्षे चंद्रपूरपर्यंत शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला, त्यामागे हेच कारण प्रामुख्याने होते. मागास प्रदेशातील व्यक्तीला सत्तेत स्थान मिळणे आणि त्या प्रदेशाच्या गरजा शासनयंत्रणेने नियमितपणे भागविणे, या भिन्न गोष्टी असल्याचे त्यांच्या कारकीर्दीवरून दिसून येते.

मुंबईच्या विक्रोळी उपनगरातील कन्नमवार नगर ही वसाहत आणि नागपूर येथील कर्मवीर दादासाहेब कन्नमवार अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या नावांतून त्यांची स्मृती जतन करण्यात आली आहे.